सभ्य चोरीची पौर्णिमा

पहिला महिना, सहावी तिथी

कंदील उत्सव समितीच्या अध्यक्षपदी आज माझी एकमताने निवड झाली. बैठकीला मी आणि खे न्हावी असे दोघेच होतो, आणि मत देताना खे माझीच दाढी करत होता. तरी एकमत ते एकमत. सांस्कृतिक केंद्रातून निवृत्त झाल्यापासून माझ्या हातून काही सार्वजनिक काम झालेलं नव्हतं. केंद्रात असताना पुलाच्या उद्घाटनापासून बदकांच्या स्पर्धेपर्यंत शीवेई गावातलं प्रत्येक भाषण मी लिहिलं. त्या धांदलीत लग्न तेवढं राहून गेलं.

नगर कार्यालयातल्या न्येबाईंनी दुपारी बोलावून घेतलं. यंदा आपल्या गावाला ‘आदर्श उत्सव’ अशी पाटी मिळण्यासारखी आहे, म्हणाल्या. अडचण एकच, पातचोरी. पौर्णिमेला कंदील घेऊन बाहेर पडलेल्या बिनलग्नाच्या मुली कुणाच्या तरी परसातून कांद्याची पात उपटतात. मालकाने त्यांना पकडून सणसणीत शिव्या घातल्या म्हणजे वर्षाच्या आत चांगला नवरा मिळतो. शिव्या मिळाल्या नाहीत तर चोरी फुकट गेली. माझ्या पणजीच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. पण आदर्श गावाच्या कार्यक्रमपत्रिकेत चोरी आणि शिवीगाळ कशी छापायची, असा न्येबाईंचा रास्त प्रश्न आहे. मी म्हटलं, माझ्यावर सोपवा.

संध्याकाळी वाफ्यांना पाणी घालत होतो तेव्हा कुंपणापलीकडून बीयुनवहिनी बोलल्या. माझा मित्र आ-शेंग याची ही बायको. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शियामेन शहरात असतो, तो आता कायमचं ये म्हणून मागे लागलाय. पौर्णिमा झाली की सतराव्या तिथीच्या बसने जायचं, घर शेवयांच्या दुकानाला भाड्याने द्यायचं, असं जवळजवळ ठरलंय. “जवळजवळ,” त्या दोनदा म्हणाल्या. मग विचारलं, “तुमचं काय मत आहे, भाऊजी?”

मी सांगितलं की पुलापासून सकाळी थेट बस आहे, आणि डावीकडची खिडकी धरली तर ऊन लागत नाही.

“बरं,” म्हणाल्या आणि आत गेल्या. माणसाला वेळेवर योग्य माहिती मिळाली की निर्णय सोपा होतो.

रात्री छातीत जळजळत होतं. नववर्षाचं तळण बाधलं असणार.

आठवी तिथी

वडाखाली चहाला बैठक. मी, खे आणि बीयुनवहिनी. आम्ही तिघं दर कंदील-पौर्णिमेला नदीच्या बांधावर एकत्र बसतो. आधी आ-शेंग धरून चौघं होतो. सभ्य चोरीची नियमावली वाचून दाखवली.

ठळक तरतुदी अशा. गावभर परसांतून धुमाकूळ घालण्याऐवजी एकच परस नेमायचं, म्हणजे माझं. चोरांनी रांग लावायची. प्रत्येकीने एकच पात घ्यायची, शेजारचं रोप न दुखवता. शिव्या समितीने मंजूर केलेल्याच द्यायच्या.

खेने चहाचा पेला खाली ठेवला. “चुआंग, माझ्या तिन्ही पोरी हिच्या शिव्यांवर उजवल्यात मी. मधलीला तर ही काय म्हणाली होती, आठवतं? ते ऐकून नदीपलीकडची कुत्री उठली होती. पोरीला तिसऱ्या महिन्याच्या आत सुताराचा मुलगा मिळाला. आणि तू मंजुरी कसली देतोस?”

हे खरं आहे की शिव्यांच्या बाबतीत बीयुनवहिनींचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही. वरच्या गावांतल्या मुली यांच्याच परसात शिरायला येतात. तोंड उघडलं की चोराच्या आजोबांपासून सुरुवात करून न जन्मलेल्या पोरांपर्यंत येतात, आणि एकही शब्द दुसऱ्यांदा वापरत नाहीत. म्हणूनच अधिकृत शिवीदात्या म्हणून मी त्यांचंच नाव सुचवलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तुमच्या परसात उभं राहून मी शिव्या द्यायच्या?”

“हो.”

“चोराला शिव्या द्यायचा हक्क मालकिणीचा असतो, भाऊजी. मी कोण म्हणून देऊ?”

“समितीची प्रतिनिधी म्हणून,” मी म्हटलं.

खेला चहाचा ठसका लागला. त्याला हल्ली वरचेवर लागतो. डॉक्टरांना दाखव म्हटलं तर माझ्यावरच खेकसला.

नववी तिथी

पहाटेपासून स्वर्गाच्या देवाच्या वाढदिवसाचे फटाके. काहीच सुचू दिलं नाही.

दहावी तिथी

शिव्यांचा मसुदा पूर्ण झाला. तीन खर्डे फाडले, चौथा जमला. “हे तरुणी, तुझे हे वर्तन खेदजनक आहे. कष्टाने वाढवलेल्या पिकाची अशी हानी करणे तुझ्या कुटुंबास शोभत नाही. यापुढे विचार करून वागावे.” कठोर आहे, पण तोल सुटलेला नाही.

बीयुनवहिनींना कुंपणावरून वाचून दाखवला. त्या एप्रनच्या टोकाने डोळे पुसेपर्यंत हसल्या. मला आनंद झाला, कारण माझ्या लिखाणाने कुणी हसल्याचं मला आठवत नाही. नंतर वाटलं, हसण्यासारखं त्यात काय होतं?

हसून झाल्यावर त्या कुंपणाचा बांबू उगाच हलवत म्हणाल्या, “तुमच्या नियमात मुलींचंच आहे. समजा, यंदा एखादी विधवा पात चोरायला आली तर?”

मुद्दा महत्त्वाचा होता, माझ्या नजरेतून निसटलेला. म्हटलं, “कार्यालयाला विचारून सांगतो.”

“कार्यालयाला,” त्या म्हणाल्या.

अकरावी तिथी

न्येबाईंना फोन केला. वयाची किंवा वैधव्याची अट नाही, उलट ज्येष्ठ नागरिकांचा सहभाग असेल तर फोटो चांगले येतात, असं त्या म्हणाल्या. मी तातडीने खेच्या दुकानात गेलो. बीयुनवहिनी तिथेच होत्या, खेच्या बायकोला रताळी द्यायला आलेल्या. दारातूनच सांगितलं, “वहिनी, काम झालं! विधवांना पूर्ण परवानगी आहे.”

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. वहिनींचा चेहरा लाल झाला आणि रताळ्यांची टोपली तशीच टाकून त्या निघून गेल्या. घरी चूल चालू राहिली असावी.

“देवा,” खे म्हणाला, नेमकं कुणाला ते कळलं नाही.

तेरावी तिथी

कार्यालयाकडून कंदील आले. सगळे एकाच मापाचे, लाल प्लास्टिकचे, बॅटरीवर चालणारे. बटण दाबलं की उजेड पडतो आणि एक गाणं सुरू होतं. ते थांबवायचं बटण कुठेही नाही. खोका हलला आणि सगळे एकदम गाऊ लागले. खेची म्हातारी कुत्री तेव्हापासून पलंगाखालून बाहेर आलेली नाही.

दरवर्षी बीयुनवहिनी बांबूच्या काड्या आणि पातळ कागद घेऊन सशाचे कंदील करतात, आत मेणबत्ती, खाली चाकं. मी नियमाप्रमाणे सांगितलं की यंदा आग लागण्याच्या धोक्यामुळे मेणबत्तीला मनाई आहे. त्यांनी वाद घातला नाही. मला वादाची सवय आहे, त्यांच्याशी वाद घालायला मला आवडतं, हे आजवर लक्षात आलं नव्हतं. “आता कशाला ससे,” एवढंच म्हणाल्या. “ते लावायला पुढल्या वर्षी कोण असणार इथे.”

दुपारी त्यांचं सामान बांधायला मदत केली. आ-शेंगचा चहाचा संच कागदात गुंडाळताना एकच पेला मी तीनदा गुंडाळला. कागद निसरडा होता. त्यांनी विचारलं, “माझ्या परसाचं काय होईल?” मी म्हटलं, शेवयांचं दुकान तिथे मोटारसायकली लावेल. त्यांनी मला शेंगदाण्याची वडी दिली, ती मी खाल्ली, आणि घरी येऊन पुन्हा जळजळ. कडू चहा घेतला. उपयोग नाही.

पौर्णिमा

सविस्तर लिहितो, कारण हा दिवस गावाच्या इतिहासात राहील.

चंद्र वर यायच्या आधीच बांध माणसांनी भरला. खेच्या बायकोने मोठ्या पातेल्यात तांगयुआन उकळत ठेवले होते, तांदळाचे पांढरे गोळे, आत तीळ आणि शेंगदाणा. लोक वाटी घेऊन गवतावर बसले होते. सगळीकडे लाल कंदील, आणि सगळीकडे ते गाणं, प्रत्येक कंदिलात थोडं मागेपुढे. बोलायचं तर ओरडावं लागत होतं. न्येबाई म्हणाल्या, वातावरण फार चैतन्यमय आहे.

चोरी ठरल्या वेळी सुरू झाली. मुलींनी बांधाला लागून असलेल्या माझ्या परसाबाहेर शिस्तीत रांग लावली. एकेक आत यायची, मी दाखवेन ती पात उपटायची, बीयुनवहिनी कागद धरून वाचायच्या, “हे तरुणी, तुझे हे वर्तन खेदजनक आहे,” न्येबाई फोटो घ्यायच्या, पुढची. बीयुनवहिनी अशा आवाजात वाचत होत्या की जणू औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचताहेत. कुठेही गोंधळ नाही, धावपळ नाही, कुंपण मोडलं नाही.

एका मुलीने मात्र जागा सोडायला नकार दिला. शिंप्याची धाकटी, एकोणतिशीतली. “काकू, नीट द्या ना हो शिव्या,” ती म्हणाली. “यंदा माझं जमायलाच हवंय. माझ्या मावशीला तुम्ही ‘डुकराच्या कानाची’ म्हणाला होता, तिला दोन बंगले असलेला मिळाला.”

बीयुनवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मसुद्याबाहेर नाही. त्यांनी पुन्हा तेच वाचलं. मुलगी पात हातात धरून रडवेली होऊन गेली. हळवी पिढी आहे.

रांग संपली. न्येबाई कॅमेरा आवरू लागल्या. मी समारोपाचे चार शब्द बोलणार, एवढ्यात बीयुनवहिनींनी मसुद्याची घडी घालून माझ्या हातात दिली. पँटचे पाय वर दुमडले. परसाच्या फाटकातून बाहेर गेल्या, वळसा घालून मागे आल्या आणि कुंपणावरून आत उडी मारली. त्यांचं वय बघता हे धोक्याचं होतं. मग माझ्या सर्वांत चांगल्या वाफ्यात, जो मी रांगेतल्यांना दाखवलाही नव्हता, तिथे जाऊन दोन्ही हातांनी अख्खा झुबका मुळासकट उपटला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

बांधावरचे लोक कुंपणापाशी आले. कुणीतरी आपला कंदील पोटाशी घट्ट दाबून धरला, गाणं ऐकू येऊ नये म्हणून. खे वाटी खाली ठेवून उभा राहिला. बीयुनवहिनी मातीने भरलेल्या हातात पात घट्ट धरून माझ्याकडे बघत होत्या. काहीतरी होणार आहे असं सगळ्यांना वाटत होतं आणि ते माझ्याकडून व्हायचं आहे, एवढं माझ्या लक्षात आलं.

मी पुढे झालो. म्हटलं, “घ्या ना वहिनी, संकोच कसला. थांबा, माती झटकून देतो.” त्यांच्या हातातून पात घेतली, मुळं झटकली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातली आणि दोन्ही हातांनी परत दिली. “शहरात अशी पात मिळायची नाही. आणखी हवी तर उद्या काढून ठेवतो.”

कुंपणापाशी कुणीतरी “अरेरे” म्हणालं.

बीयुनवहिनींनी पिशवी घेतली. “आभारी आहे, भाऊजी,” म्हणाल्या, आणि फाटकातून सरळ घरी गेल्या. तांगयुआनही खाल्ले नाहीत.

खे जवळ आला. “तू माणूस आहेस की सूचनाफलक?”

मी विचारलं, माझं काय चुकलं? त्याने वाटी उचलली आणि बायकोच्या पातेल्याकडे गेला. सगळे मला टाळून बोलत होते. पाहुणचारात मी कुठे कमी पडलो ते मलाही कळेना. एक पिशवी पुरे झाली नसेल का? पण तसं असतं तर त्या सांगत्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हेही खरं.

सोळावी तिथी

न्येबाईंचा फोन. पाटी मिळाली. अहवालात लिहिलंय, ‘एकही भांडण नाही, एकही अपशब्द नाही.’ मी पाटी लावण्यासाठी खिळे आणायला निघालो, तर खेने दुकानासमोर गाठून खुर्चीत बसवलं. मी म्हटलं दाढी परवाच केली. त्याने तरीही साबण फासला आणि वस्तरा गळ्यापाशी धरून बोलायला लागला.

“आता हलू नकोस. पात कोण चोरतं?”

“लग्न करायचं असलेल्या मुली.”

“आणि विधवेला चालेल का, हे तुला कुणी विचारलं?”

“बीयुनवहिनींनी. तात्त्विक प्रश्न होता.”

“तात्त्विक! तू चार गिऱ्हाइकांसमोर परवानगी जाहीर केलीस. तरी ती आली. साऱ्या गावासमोर तुझ्याच परसात कुंपण ओलांडून शिरली. मुलाकडे जायच्या दोन दिवस आधी कुणी कांदे नेतं का, बावळटा? शियामेनला बाजार नाही? तिला तुझ्याकडून शिव्या हव्या होत्या. आणि तू तिला पिशवी दिलीस.”

मी उठायला गेलो आणि हनुवटीला कापलं. खेने तुरटी लावली.

“शिव्या दिल्या असत्या तर ती राहिली असती?” मी विचारलं.

“तुला काय वाटतं?”

मला काय वाटतं ते आता लिहितो, कारण बोलायची मला सवय नाही. बीयुनने जाऊ नये असं मला वाटतं. ती गेली तर मी सकाळी पाणी घालताना मोटारसायकलींशी बोलणार आहे. मला तिचा आवाज हवा आहे, चिडलेला असला तरी, किंबहुना चिडलेलाच. आ-शेंग असताना असलं काही मनात आणायचं नव्हतं, आणि तो गेल्यावर न आणायची सवय पडून गेली. तळणाचा काही दोष नाही.

संध्याकाळी तिच्या दाराशी गेलो. आत शेजारणी निरोप द्यायला जमल्या होत्या. मला पाहून सगळ्यांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. बीयुन म्हणाली, “काय भाऊजी?” मी म्हटलं, सुतळी पुरली का? पुरली, म्हणाली. मी परत आलो.

सतरावी तिथी

बस पुलाशी उभी होती. बीयुन डावीकडच्या खिडकीत बसली होती, मी सांगितलेल्या. तिच्या पेट्या, गाठोडी, पातेली सगळं खालच्या कप्प्यात चढलेलं. गाव निरोपाला आलं होतं. मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं.

मी खिडकीखाली उभा राहिलो. पायांत दोन निरनिराळी पायताणं होती, हे नंतर कळलं. तोंड उघडलं आणि आवाज आला तो सांस्कृतिक केंद्रातला. “श्रीमती बीयुन, आपण पौर्णिमेच्या सायंकाळी माझ्या मालकीच्या वाफ्यातून...”

“मेला,” मागून खे कळवळून म्हणाला.

बीयुन खिडकीतून खाली बघत होती. तिच्या मांडीवर ती प्लास्टिकची पिशवी होती. पात सुकलेली. तेवढीच तिने बाकी सामानात टाकली नव्हती.

“चोरटे,” मी म्हटलं. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हटलं. “चोरटे! निर्लज्ज! म्हातारपणी कुंपणावरून उड्या मारतेस? माझा चांगल्यातला चांगला वाफा उजाड केलास आणि आता खिडकीत बसून चाललीस? कुणाला विचारून चाललीस?”

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

“तुम्हाला विचारलं होतं,” बीयुन म्हणाली.

“मग ऐकलंस कशाला? मी काहीही सांगतो! उन्हाचं सांगतो! माझं कुणी ऐकतं का गावात? तूच एक ऐकतेस आणि तेही नको तेव्हा! डुकराच्या... डुकराच्या कानाची! सकाळी उठून मी भांडू कुणाशी? या न्हाव्याशी? घरभरचं सामान बांधायला लावलंस मला, आ-शेंगच्या चहाचे पेले माझ्याकडून गुंडाळून घेतलेस, दगड आहेस की काय! माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही हे तुला माहीत होतं ना? इतकी वर्षं माहीत होतं ना? मग एक वर्ष आणखी थांबली असतीस तर...” यापुढे शब्द संपले. मला रडू येत होतं आणि सगळं गाव बघत होतं.

“झालं?” तिने विचारलं.

“नाही. आठवलं की सांगतो.”

“डुकराचा कान शिंप्याच्या मेहुणीला देऊन झालाय. मला उष्टी शिवी चालत नाही.” ती उठली. पिशवी घेऊन दारापर्यंत आली, पायरीवर थांबली. “भाऊजी...”

“भाऊजी म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू?”

“ते खाली उतरल्यावर ठरवू,” मी म्हटलं.

ती उतरली. ड्रायव्हरला उशीर झाला होता, त्याने लगेच बस सोडली. बस वळणाआड गेल्यावर आमच्या ध्यानात आलं की तिचा सगळा संसार त्यात गेला आहे. मग तिने सुरुवात केली. माझ्या आजोबांपासून. पुलावरून, वडाखालून, खेच्या दुकानावरून, नुकत्याच लावलेल्या पाटीखालून ती मला शिव्या देत चालली होती आणि मी खाली मान घालून शेजारून चाललो होतो. शिंप्याची धाकटी दारात उभी राहून हेव्याने ऐकत होती. न्येबाई कार्यालयाच्या पायरीवर आल्या, काही बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा आत गेल्या.

दुपारी मुलाचा फोन आला. पेट्या पोहोचल्या, आई कुठे आहे? मी फोन बीयुनच्या हातात दिला.

तिच्या घरात आता एक वाडगाही नाही, म्हणून ती माझ्याकडे शिजवतेय. मी हे लिहायला बसलोय. भात निवून चाललाय आणि हा माणूस कागद काळे करत बसलाय, असं ती स्वयंपाकघरातून साऱ्या गल्लीला सांगतेय. जेवायला उठतो.